वायुकोशांचा राखणदार

(दृश्य: मालवणचा दांडी किनारा, पहाट. रापण ओढणारी माणसे.)

पावसाळा सरला की दांडीच्या वाळूत रापणीचे दोर पुन्हा उतरतात. दोन्ही टोकांना उभी राहिलेली माणसे जाळे संथपणे किनाऱ्याकडे ओढत आणतात आणि बांगडे, पेडवे टोपल्यांत गेले की ज्याला गिऱ्हाईक नाही ते वाळूवरच राहते: फुटके शिंपले, शेवाळ, बोटभर खेकडे आणि एखादा तारामासा. या तारामाशाला बाजारात भाव नसला, तरी शरीरात परके काही शिरल्यावर त्याच्याशी कोण झुंजते, हे माणसाला पहिल्यांदा दिसले ते त्याच्याच कुळात.

1882 साली सिसिली बेटावरील मेसिना या बंदरात एल्या मेचनिकोव हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ तारामाशाच्या अळ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहत बसला होता. घरची मंडळी सर्कशीला गेली होती. अळी काचेसारखी आरपार दिसणारी असल्यामुळे तिच्या पोटातून फिरणाऱ्या पेशी त्याला थेट दिसत होत्या, आणि त्या पाहता पाहता त्याच्या मनात आले की या पेशी शरीराच्या रक्षणासाठी फिरत असतील, तर अळीला काटा टोचताच त्या काट्याभोवती गोळा व्हायला हव्यात. त्याने बागेतल्या झाडाचे काटे आणून अळ्यांच्या त्वचेखाली खुपसले. रात्री त्याला झोप आली नाही. सकाळी पाहतो तर काट्याला पेशींचा गराडा पडलेला होता. जंतूंना गिळणाऱ्या या भक्षक पेशींच्या शोधाबद्दल त्याला 1908 साली नोबेल पारितोषिक मिळाले. तेही पॉल एर्लिख यांच्याबरोबर विभागून, म्हणजे रक्तद्रवातील प्रतिपिंडांना (जंतूंना चिकटणाऱ्या प्रथिनांना) खरे श्रेय देणाऱ्या पक्षाच्या माणसाबरोबर. दोघांचेही म्हणणे खरे होते, आणि ते एकाच ठिकाणी पडताळून पाहायचे असेल तर न्यूमोनिया झालेल्या फुफ्फुसाइतकी योग्य जागा दुसरी नाही.

(दृश्य: मटणाच्या दुकानातील परात, पाण्यात तरंगणारे बोकडाचे फुफ्फुस.)

हे निरोगी बोकडाचे फुफ्फुस आहे. बोटाने दाबून पाण्यात बुडवले, तरी बोट काढताच ते वर येते, कारण त्याच्यात हवा भरलेली आहे. न्यूमोनियाने घट्ट झालेला फुफ्फुसाचा तुकडा मात्र पाण्यात टाकला तर दगडासारखा तळाला जातो. हवेच्या जागी काय भरले आणि ते कोणी भरले, हा या चित्रफितीचा विषय आहे. आणि ते केवळ जंतूंनी भरलेले नसते, हे आरंभीच सांगितलेले बरे.

माणसाच्या दोन्ही फुफ्फुसांत मिळून सरासरी 48 कोटी वायुकोश, म्हणजे हवेच्या इवल्या पिशव्या, असतात. प्रत्येकाचा व्यास मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढा असतो, आणि त्याच्यातील हवा व शेजारचे रक्त यांच्यामधील पडदा एक मायक्रॉनपेक्षाही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही) पातळ असतो. दिवसाकाठी सुमारे दहा हजार लिटर हवा आपण आत घेतो, तिच्याबरोबर धूळ, धूर आणि जंतूही येतात. मोठे कण नाकातच अडकतात; त्यांतून निसटलेले श्वासनलिकेच्या चिकट शेंबडात रुततात आणि पेशींवरचे सूक्ष्म केस तो शेंबूड सतत वर घशाकडे ढकलत राहतात. पाच मायक्रॉनहून लहान कण मात्र थेट तळाशी पोचू शकतात. न्यूमोनिया घडवणारा न्यूमोकोकस हा जंतू तर बाहेरून यावा लागतो असेही नाही. लहान मुलांच्या नाकाघशात तो काही त्रास न देता मुक्काम करून असतो, आणि झोपेत घशातील थेंब खाली उतरले की त्यांच्याबरोबर तोही उतरतो.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखालील रंगवलेली काचपट्टी. जोडीजोडीने दिसणारे जांभळे ठिपके, शेजारी एक मोठी पेशी.)

काचपट्टीवर जोडीने दिसणारे हे टोकदार जांभळे ठिपके म्हणजे न्यूमोकोकस, आणि त्यांच्या शेजारची ऐसपैस पेशी म्हणजे वायुकोशातील मॅक्रोफेज, जंतू गिळणारी भक्षक पेशी. कोकणात प्रत्येक गावाला, शिवाराला राखणदार असतो आणि त्याच्याविषयीची श्रद्धा अशी की तो रात्री आपल्या हद्दीतून फेरी मारतो, पण उगाच कोणाची झोपमोड करीत नाही. या पेशीचे वर्णन करायला मला त्याहून जवळचा शब्द सापडला नाही. ती जन्माच्या सुमारास फुफ्फुसात येऊन स्थिरावते आणि पुढे तिथल्या तिथेच आपली संख्या राखते. 2020 साली शास्त्रज्ञांनी उंदराच्या जिवंत फुफ्फुसात डोकावून पाहिले, तेव्हा या पेशी एका वायुकोशातून दुसऱ्यात सरपटत जाताना आणि आलेला जंतू गुपचूप गिळून टाकताना दिसल्या. इतक्या गुपचूप, की रक्तातील इतर पेशींना त्याचा पत्ताही लागला नाही. वायुकोशाच्या भिंतीतील पेशी जो ओलसर थर तयार करतात त्याच्यातील काही प्रथिने जंतूला चिकटून त्याला गिळणे सोपे करतात. हे सारे आपल्यातील प्रत्येकाच्या छातीत रोज चालते, आणि आपल्याला साधा खोकलाही येत नाही.

म्हणूनच ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ अशी पाटी लावलेले काढे आणि चूर्णे पाहिली की मनात येते, कोणाची शक्ती वाढवणार आणि किती? फुफ्फुसातल्या राखणदाराचे निम्मे कसब गिळण्यात आहे आणि निम्मे गप्प राहण्यात.

जंतू फार झाले, किंवा राखणदारच अधू झाला, की ही शांतता मोडते. चुलीचा आणि विडीचा धूर त्याला आणि श्वासनलिकेतल्या केसांनाही दुबळे करतो. इन्फ्लुएन्झाचा विषाणू तर श्वासनलिकेचे अस्तरच सोलून काढतो. जुनी माणसे जिला मानमोडीची साथ म्हणत, ती 1918 सालची इन्फ्लुएन्झाची साथ मुंबई बंदरातून देशभर पसरली, आणि त्या साथीतील बहुतेक बळी फ्लूच्या मागोमाग आलेल्या जंतूंच्या न्यूमोनियाने घेतले.

(दृश्य: खाडीकाठचा खारबांध, भरतीचे पाणी. पुढे बांधाला पडलेली खांड.)

आता मॅक्रोफेज हाकारा घालतो. जंतूच्या आवरणाचे ठरावीक तुकडे ओळखणारे ग्राहक-रेणू त्याच्या अंगावर असतात. ते जागे झाले की तो सायटोकाइन नावाचे रासायनिक निरोप सोडू लागतो. एक निरोप मेंदूपर्यंत पोचतो आणि ताप चढतो, एक यकृताला जातो, आणि एक शेजारच्या केशवाहिन्यांना सांगतो की भिंत सैल करा. या सैल झालेल्या भिंतीतून न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वायुकोशात घुसतात. अस्थिमज्जा त्या दिवसाला दहा हजार कोटींच्या घरात तयार करते, त्यामुळे त्यांचा तुटवडा नसतो. त्या जंतू गिळतात, जहाल रसायने ओततात आणि प्रसंगी स्वतःच्याच जनुकद्रव्याचे जाळे फेकून जंतूंना त्याच्यात गुंतवतात. परंतु खारबांधाला खांड पडली की मदतीचे गडी आत उतरू शकतात, तसे भरतीचे पाणीही शेतात शिरते. रक्तातील द्रव आणि प्रथिने वायुकोशात उतरतात, न्यूट्रोफिल तिथेच मरून साठतात, त्यांची रसायने जंतूबरोबर आपल्या भिंतीही जाळतात, आणि ज्या पोकळीत हवा खेळायची तिच्यात पू साचतो.

(दृश्य: क्ष-किरण चित्र. उजव्या बाजूचा खालचा भाग पांढरा.)

चित्रात काळी दिसते ती हवा आणि पांढरा दिसतो तो हा पूर. ‘छाती भरली’ असे आपल्याकडे म्हणतात, ते अक्षरशः खरे आहे.

न्यूमोकोकसपाशी आणखी एक युक्ती असते. त्याच्या अंगावर शर्करेचे बुळबुळीत कवच असते आणि त्यामुळे तो भक्षक पेशींच्या हातून निसटतो. हातात धरलेला निसरडा मासा ज्याने सोडला आहे त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. त्या कवचावर पकड बसवायला प्रतिपिंडे लागतात. वायुकोशातील डेंड्रायटिक नावाच्या पेशी जंतूचे नमुने घेऊन जवळच्या लसिकाग्रंथीत पोचतात, तिथे टी आणि बी नावाच्या पांढऱ्या पेशींतून नेमक्या निवडल्या जातात, वाढतात, आणि त्या जंतूसाठीच घडवलेली प्रतिपिंडे रक्तात उतरायला आठवडाभर लागतो. प्रतिजैविके येण्यापूर्वीच्या काळात डॉक्टर या सातव्या-आठव्या दिवसाची वाट पाहत रोग्याच्या उशाशी बसत. त्या दिवशी कित्येकांना दरदरून घाम फुटून ताप झरकन उतरे. काहींच्या वाट्याला तो दिवस येतच नसे.

लस हाच आठवडा आधी उरकून ठेवते. न्यूमोकोकल लस 2021 पासून देशभरातील सरकारी लसीकरणात असून बाळाला ती दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने या वयात विनामूल्य मिळते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तिची देशी आवृत्तीही बनवली आहे. जगात 2019 साली पाच वर्षांखालील सुमारे 7 लाख 40 हजार मुले न्यूमोनियाने दगावली.

(दृश्य: ओहोटी. खारबांधाची उघाडी, शेतातून खाडीकडे जाणारे पाणी.)

जंतू मेले म्हणजे काम संपले असे होत नाही, कारण शेतात शिरलेले पाणी अजून बाहेर काढायचे असते. वायुकोशाच्या भिंतीतील पेशी आतले सोडियम उपसून पलीकडे टाकतात आणि त्या क्षारामागोमाग पाणीही निघून जाते. खारजमिनीत राबलेल्या माणसाला हा व्यवहार लगेच समजेल. मेलेले न्यूट्रोफिल मॅक्रोफेज गिळून टाकतात आणि ते गिळता गिळता त्यांचा सूरच बदलतो: हाकारा थांबतो, दाह शमवणारे निरोप निघू लागतात, सैल भिंती पुन्हा आवळल्या जातात. ही आवराआवर सावकाश चालते. ताप उतरून बरेच दिवस लोटले तरी चित्रातला पांढरा डाग पुसटसा दिसत राहतो, खोकला रेंगाळतो, आणि म्हणून डॉक्टर काही आठवड्यांनी पुन्हा बोलावतात.

(दृश्य: कौलारू घराची ओटी. आशाताई, चौदा महिन्यांचे मूल, आजी.)

या मुलाला दवाखान्यातून घरी आणून आठ दिवस झाले आहेत. आशाताईने त्याचे झबले वर केले आहे आणि घड्याळ समोर धरून ती त्याच्या पोटाचे वरखाली होणे मोजत आहे. या वयात मिनिटाला चाळीस किंवा त्याहून अधिक श्वास भरले तर ते धोक्याचे लक्षण मानतात. मूल स्वस्थ असतानाच पूर्ण मिनिट मोजावे लागते, म्हणून आजी त्याच्यासमोर नारळाची करवंटी हळूहळू फिरवत बसली आहे.

“किती झाले गो?” आजी विचारते.

“छत्तीस,” असे म्हणून आशाताई झबले खाली ओढते आणि वहीत आकडा लिहिते.