कापूस, काळी माणसं आणि आपलं गाव

मंडळी, आयाबायांनो, आणि मागं उभी असलेली पोरं, जागा आहे पुढे, या बसा.

जयंतीच्या आठवड्यात वर्णद्वेषावर व्याख्यान ठेवलं तेव्हा दोघाचौघांनी विचारलं म्हणे, का बाप्पा, अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं आपल्याले काय करायचं, इथं कापसाले भाव नाही. प्रश्न बरोबर आहे. म्हणून मी कापसापासूनच सुरू करतो.

आपल्याकडे सीतादही झालं की बाया वेचणीला लागतात, कंबर मोडते, बोटं सोलतात, आणि किलोमागे किती देता यावर सकाळीच बोलाचाली होते. आता हीच वेचणी अशी डोळ्यापुढे आणा की मजुरी नाहीच, संध्याकाळी वजन कमी भरलं तर चाबूक, आणि पोटातलं लेकरू पण मालकाचं. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात 1662 मध्ये तसा कायदाच केला होता, आई गुलाम तं लेकरू गुलाम, बाप कोणी का असेना. आणि बाप कितीतरी वेळा मालकच असायचा, म्हणजे माणूस स्वतःच्याच पोराले विकू शकत होता आणि कायदा त्याच्या बाजूनं उभा होता. हे वाचलं तेव्हा मला रात्री झोप आली नाही, खरं सांगतो.

पण एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. सुरुवातीला तिथं करारानं बांधलेले गोरे मजूर पण होते, काळ्यांसोबत एकाच वावरात राबायचे. 1676 मध्ये बंड झालं, बेकन नावाच्या माणसाचं, त्यात गोरे काळे मिळून उठले आणि राजधानी जेम्सटाउन जाळली. बंड काही पवित्र नव्हतं, तिथल्या मूळ आदिवासींवर हल्ले करणारेच हे लोक, पण गरीब गोरा आणि गरीब काळा एका बाजूनं उभा राहू शकतो हे मालकांना दिसलं. पुढं 1691 मध्ये गोऱ्या-काळ्यांच्या लग्नावर बंदी आली, 1705 मध्ये गुलामांसाठी सगळी कलमं एका ठिकाणी आली, आणि गोऱ्या गरिबाले शिकवलं गेलं की तुझ्याकडे काही नसलं तरी तू काळा नाहीस. मला सांगायचं ते एवढंच की हा द्वेष रक्तातून आलेला नाही, फुकट मजूर पाहिजे होते म्हणून तो कायद्यानं बनवला गेला. आणि ती लग्नाची बंदी सुप्रीम कोर्टानं कधी मोडली, 1967 मध्ये! आपलं संविधान लागू होऊन 17 वर्षं झाली होती.

जिनिंग तुम्हाला माहीतच आहे. सरकी काढायचं यंत्र 1793 मध्ये तिथं एली व्हिटनीनं बनवलं. यंत्र आलं तर माणसाचं काम हलकं व्हायला पाहिजे की नाही, पण झालं उलटं, सरकी झटपट निघायला लागली तसा जास्त कापूस लावला, जास्त कापसाले जास्त वेचणारे हात लागले, आणि 1790 मध्ये जे गुलाम सुमारे 7 लाख होते ते 1860 मध्ये 40 लाखांच्या आसपास गेले. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचे चारातले तीन भागांहून जास्त तिथूनच यायचे.

मग 1861 मध्ये तिथं यादवी युद्ध पेटलं, तो कापूस अडकला, आणि इंग्रजांची नजर वऱ्हाडावर आली. वऱ्हाड त्यांनी 1853 मध्येच निजामाकडून कर्जापोटी घेतलं होतं. भाव चढला, लोकांनी ज्वारी काढून पऱ्हाटी लावली, 1867 मध्ये नागपूरपर्यंत रेल्वे आली, 1870 मध्ये खामगावच्या कापूस बाजाराले खास फाटा जोडून दिला. युद्ध संपल्यावर अमेरिकेचा कापूस परत आला तसा भाव पडला, सावकाराचं कर्ज मात्र इथंच राहिलं. म्हणजे आपण आज ज्या घाणीत फसलो आहो ना, तिची एक मुळी त्या गुलामांच्या वावरापर्यंत जाते.

1865 मध्ये गुलामी संपली. तिथल्या एका सेनापतीनं सुटलेल्या कुटुंबांना 40 एकरापर्यंत जमीन द्यायचा हुकूम काढला, काहींना मिळाली पण, आणि त्याच वर्षी नव्या राष्ट्राध्यक्षानं ती जुन्या मालकांना परत देऊन टाकली. माणूस सुटला पण वावर नाही, बैल नाही, बी नाही. मग त्याच मालकाची जमीन बटईनं करायची, उधारीत बियाणं न दाणापाणी घ्यायचं, आणि हंगाम संपला की हिशेब मालक सांगेल तो. ज्यांनी इथं सालदारकी केली त्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

ज्योतिबांनी हे सगळं पुण्यात बसून ओळखलं होतं. 1873 मध्ये त्यांनी आपलं पुस्तक गुलामी मोडणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं. बाबासाहेबांनी 1946 मध्ये तिथले काळे विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहून विचारलं की तुमच्या लोकांचा अर्ज संयुक्त राष्ट्रांकडे गेला त्याची प्रत मिळेल का. 1972 मध्ये इथल्या पोरांनी तिथल्या काळ्यांच्या हक्कासाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर संघटनेवरून दलित पँथर हे नाव घेतलं. आपल्या लोकांनी जगाकडे पाठ कधीच केली नव्हती.

कायदे बदलले हो तिथं, 1964 मध्ये नागरी हक्कांचा, 1965 मध्ये मतदानाचा, मोठी लढाई झाली, लोक मेले. पण 1930 च्या दशकात सरकारनं शहरांचे नकाशे काढले होते, काळ्यांच्या वस्त्यांवर लाल रंग, म्हणजे इथं कर्ज धोक्याचं. ज्याले कर्ज मिळालं त्यानं घर बांधलं, पोराले दिलं, ज्याले नाही तो भाड्यानंच राहिला. 2022 मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या पाहणीत मधल्या गोऱ्या कुटुंबाची मालमत्ता मधल्या काळ्या कुटुंबाच्या सुमारे सहापट निघाली. सातबारा ज्याच्या नावावर नाही त्याले बँक दारात उभं करत नाही, हे आपल्याले कोणी शिकवावं लागत नाही. 2020 मध्ये तिथं जॉर्ज फ्लॉइड नावाच्या काळ्या माणसाच्या मानेवर पोलिसानं गुडघा दाबून त्याचा जीव घेतला तेव्हा सगळ्यांनी मोबाईलवर पाहिलं, चिडले, बरोबरच आहे. पण तो गुडघा दिसला, नकाशा कोणाले दिसत नाही.

आता आपल्या घरात येऊ. पोरगी सावळी आहे म्हणून स्थळ परत जातं, हे इथं बसलेल्या कितीतरी मायांनी सोसलं आहे. दिल्लीत ईशान्येकडच्या पोरांना मारतात, आफ्रिकेतल्या विद्यार्थ्यांना मारतात, तेव्हा आपण गप्प असतो.

इंग्रजांचा रिस्ले नावाचा साहेब लोकांची नाकं मोजत फिरला, नाक जेवढं बसकं तेवढी जात खालची असं सांगायले. बाबासाहेबांनी 1948 मध्ये असलीच मापं घेऊन दाखवून दिलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे ठरतच नाहीत. पण त्याच इंग्रजी राज्यानं 1871 पासून काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं, पोलिसपाटलाकडे हजेरी, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. 1952 मध्ये तो कायदा गेला. आणि तरी आजही गावात पाण्याची मोटार चोरीले गेली की सगळ्यात आधी नाव कोणाचं निघते, पारधी बेड्याचं, म्हणजे त्यातल्याच पारध्यांच्या वस्तीचं. बेड्यावरचं पोट्टं दहावी झालं की जातीच्या दाखल्यासाठी 1950 च्या आधीचा पुरावा मागतात. ज्यांना कोणी एका जागी राहूच दिलं नाही त्यांनी कागद आणायचा कुठून? हा पण न दिसणारा नकाशाच आहे, आपल्या तालुक्यातला.

1 मे ची ग्रामसभा पंधरा दिवसांवर आहे. बेड्यावरच्या घरांच्या जागा नावावर करायचा ठराव आणि दाखल्यांसाठी गृहचौकशीची मागणी, हे दोन विषय लेखी द्या, आज सह्या घेऊ, कागद मी आणला आहे. आता प्रश्न विचारा. बेड्यावरून चार-पाच जण आलेले दिसतात, काकाजी, माईक तुमच्याकडे पाठवतो, आधी तुम्ही बोला.