१० मिलिसेकंदांची ठिणगी

(दृश्य: खोडदच्या शिवारात जाळीची प्रचंड डिश सावकाश वळते आहे. मागे विजेचे खांब.)

निवेदन:

नारायणगावहून खोडदकडे निघालं, की द्राक्षांच्या मांडवांमागून ही डिश डोकं वर काढते. व्यास ४५ मीटर. अशा ३० डिश मिळून जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण होते. दूरच्या दीर्घिकांकडून तिच्यापर्यंत पोचणारी लहर इतकी क्षीण असते, की जवळच्या खांबावरचा एखादा ढिला जोडही तिला झाकून टाकतो.

ढिला जोड किंवा तडा गेलेला इन्सुलेटर. मध्ये केसाएवढी फट आणि त्या फटीत उडणारी ठिणगी. डोळ्यांना ती दिसतही नाही, पण तिचा रेडिओ गोंगाट शेकडो मेगाहर्ट्झपर्यंत पसरतो. खोडदच्या अभियंत्यांचं हे जुनं दुखणं आहे.

(दृश्य: स्पेक्ट्रम ॲनलायझरचा, म्हणजे कोणत्या फ्रिक्वेन्सीवर किती जोराचा सिग्नल आहे ते दाखवणाऱ्या यंत्राचा पडदा. अणकुचीदार शिखरं जागा बदलताहेत.)

पहिल्या नजरेला वाटतं, इथे १० ट्रान्समीटर चालू आहेत. पण स्वीप करणारा ॲनलायझर सगळ्या फ्रिक्वेन्सी एकदम पाहत नाही. रात्री पिकाला पाणी देताना शेतकरी बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बॅटरी फिरवतो, तसा तो फिरतो. एका फेरीला १०० मिलिसेकंद लागले आणि ठिणगी दर १० मिलिसेकंदांनी उडाली, तर पडद्यावर १० शिखरं उमटणारच.

पडताळा सोपा आहे. स्पॅन, म्हणजे पडद्यावर दिसणारा फ्रिक्वेन्सींचा पट्टा, निम्मा करा आणि स्वीपचा, म्हणजे एका फेरीचा, वेळ तोच ठेवा. खरे ट्रान्समीटर पडद्यावर एकमेकांपासून लांब जातील. या शिखरांमधलं अंतर मात्र जसंच्या तसं राहील, कारण ते वेळेचं अंतर आहे.

आता स्पॅन शून्यावर आणायचा. याला झिरो स्पॅन म्हणतात. ॲनलायझर एकाच फ्रिक्वेन्सीवर थांबतो आणि आडवा अक्ष वेळेचा होतो. रिझोल्यूशन बँडविड्थ, म्हणजे यंत्रातल्या फिल्टरची रुंदी, मोठी ठेवायची, १ मेगाहर्ट्झ चालेल. अरुंद फिल्टरमध्ये इतका आखूड स्पंद पसरून बोथट होतो. स्वीप ४० मिलिसेकंदांचा. पडद्यावर चार झुबके येतात, पण धावत असतात. फेरी कधी सुरू करायची ते ठरवणारा ट्रिगर अजून फ्री रनवर, म्हणजे मोकळा, आहे. फेरी मनाला येईल तेव्हा सुरू होते.

ट्रिगर ‘लाइन’वर टाकला.

(दृश्य: झुबके जागच्या जागी थांबतात. काही क्षण शांतता.)

या सगळ्या कामातला हा क्षण मला सर्वांत आवडतो. आता प्रत्येक फेरी भिंतीतल्या विजेच्या तालावर सुरू होते. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. त्यात दाब दोनदा शिखर गाठतो, एकदा धन आणि एकदा ऋण, आणि दोन्ही वेळा फटीत ठिणगी पडते. झुबके दर १० मिलिसेकंदांनी येऊन स्थिर राहिले, की संशय थेट विजेच्या तारेवर जातो. मोबाइलचा सिग्नल असा थांबला नसता. त्याला विजेच्या तालाशी काही देणंघेणं नाही.

(दृश्य: शेतातली पायवाट. हातात छोटा ॲनलायझर आणि दिशादर्शक अँटेना.)

शेतात मात्र यंत्र बॅटरीवर चालतं, लाइन ट्रिगर मिळत नाही. तिथे व्हिडिओ ट्रिगर लावायचा: पातळी ठरावीक रेषेच्या वर गेली, की फेरी सुरू. सोबतीला एएम डिमॉड्युलेशन चालू करायचं. डिमॉड्युलेटर लहरीची उंची कशी कमीजास्त होते तेवढंच वेचून स्पीकरला देतो. पुणे आकाशवाणीच्या ७९२ किलोहर्ट्झवर याच रीतीने निवेदकाचा आवाज निघतो. इथे निघते १०० हर्ट्झची घरघर.

(ध्वनी: घर्रर्र...)

पडद्याकडे पाहत बांधावरून चालता येत नाही. कान मोकळे असतात. घरघर वाढेल त्या दिशेला जायचं. खांबांजवळ पोचलं, की फ्रिक्वेन्सी चढवत न्यायची, १५० मेगाहर्ट्झवरून ३००, मग आणखी वर. वरच्या फ्रिक्वेन्सीवर ठिणगीचा आवाज लांबवर जात नाही, म्हणून शेवटी एकच खांब बोलत राहतो. हे काम कोरड्या हवेत करावं. पावसात बहुधा फट पाण्याने भरते, ठिणगी गप्प होते आणि चांगला माणूसही हात हलवत परततो.

(दृश्य: खांबावर चढलेला लाइनमन. पुरवठा बंद. पाना फिरतो. मग खाली पुन्हा पडदा.)

पुरवठा परत सुरू होतो. व्हिडिओ ट्रिगर पातळीची वाट पाहतो आहे. फेरी सुरू होत नाही. स्पीकरमध्ये फक्त हलकी सळसळ.