घडीचा चाकू

नमस्कार श्रोतेहो. मिटून खिशात ठेवता येणाऱ्या चाकूंचं मला लहानपणापासून वेड आहे. हस्तिदंती मुठीचे, नक्षीदार, काचेच्या कपाटात मांडलेले चाकू मी पाहिलेत, पण त्यांच्यात मन रमत नाही. जीव जडलाय तो शेतकऱ्याच्या आणि शाळकरी पोराच्या खिशातल्या स्वस्त चाकूंवर. आज अशा दोन चाकूंबद्दल बोलते.

पहिला फ्रान्सचा ओपिनेल. आल्प्समधल्या साव्हॉयच्या डोंगराळ मुलखात कुऱ्हाडी-कोयते घडवणाऱ्यांच्या घरात जोसेफ ओपिनेल वाढला. १८९० मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी त्याने हा चाकू बनवला. १८९७ मध्ये १ ते १२ अशी त्याची मापं ठरली. त्यातली १ आणि ११ ही पुढे बंद पडली. माझ्या पर्समध्ये ८ क्रमांकाचा असतो. त्याचं पातं साडेआठ सेंटिमीटर लांब आणि मूठ बीच झाडाच्या लाकडाची.

या चाकूत स्प्रिंग नाही. लाकडी मुठीला एक चीर, तिच्यात पातं, आरपार एक रिव्हेट आणि वरून धातूचं कडं. पुढे १९५५ मध्ये मार्सेल ओपिनेलने त्यावर फिरणारी चकती बसवली. पातं उघडायचं आणि चकती जराशी फिरवायची, म्हणजे ते बोटांवर मिटत नाही. इतक्या थोडक्या भागांत इतका पक्का चाकू! मला ही रचना अजूनही थक्क करते. ओल लागली की लाकूड फुगतं आणि पातं आत अडकून बसतं. साव्हॉयची माणसं तेव्हा मुठीचं बूड टेबलाच्या कडेवर ठक्कन आपटतात. पातं थोडंसं बाहेर डोकावतं, मग ते नखाने ओढून काढायचं.

दुसरा जपानचा हिगोनोकामी. हाही १८९० च्या दशकातलाच, मिकी गावच्या लोहारांचा. मूठ म्हणजे दुमडलेला एकच पत्रा आणि पात्याच्या मागच्या बाजूला एक छोटी शेपटी. ती अंगठ्याने दाबली की पातं उघडतं आणि अंगठा तिच्यावर टेकलेला असेपर्यंत उघडं राहतं. खटका, चकती, काहीही नाही! हाताने लक्ष दिलंच पाहिजे, आणि मला नेमकं तेच आवडतं. जपानी मुलांच्या कैक पिढ्यांनी याने पेन्सिली तासल्या, बांबूची खेळणी केली. मग ऑक्टोबर १९६० मध्ये तोक्योत समाजवादी नेते इनेजिरो आसानुमा यांचा भर सभेत, व्यासपीठावर खून झाला. मारेकरी १७ वर्षांचा होता. हत्यार होतं आखूड तलवार, पण त्यानंतर मुलांच्या हाती पातं नको अशी मोहीमच उभी राहिली. दप्तरांतले चाकू गेले आणि मिकीतले कारखाने एकामागून एक बंद पडले. नागाओ घराण्याचा कारखाना मात्र टिकला. पोरांच्या हातून चाकू काढून घेतला की त्याबरोबर एक कौशल्यही जातं, असं मला मनापासून वाटतं. धारेला मान कसा द्यायचा, हे पातं हातात धरल्याशिवाय कुणाला कळणार?

तुम्ही असा चाकू घेणार असाल, तर साध्या कार्बन पोलादाचा घ्या. त्याला धार झटकन लागते. गंजही लागतो, म्हणून जरा जपावं लागतं. कैरी चिरलीत की पातं निळसर-काळं पडेल. घाबरू नका आणि ते घासूनही काढू नका. तो थर पात्याला थोडंफार राखतोच. काम झालं की लगेच पुसायचं, पावसाळ्यात तेलाचं एक बोट फिरवायचं. धार लावताना दगड पाण्याने भिजवून घ्या, पातं थोडंच तिरपं धरा आणि दोन्ही बाजू सारख्या घासा. लाकडी मूठ पाण्यात बुडवून ठेवू नका. भिजलीच तर उन्हात टाकू नका, सावलीत हळूहळू वाळू द्या.