काडतुसाचं माप मुठीत

नमस्कार श्रोतेहो. मी दापोलीकडचा. उभी नोकरी नौदलाच्या शस्त्रागारात झाली. आमच्या गावात बंदूक म्हणजे रानडुकरांसाठी ठेवलेली बाराबोअर, निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा होणारी. पिस्तूल कोणी पाहिलेलं नसतं. परवा पुतण्याने विचारलं, "काका, मोबाईल दरवर्षी नवा येतो, मग पिस्तुलाचं काडतूस शंभर वर्षं तेच कसं?"

प्रश्न रास्त आहे. जर्मनीतल्या जॉर्ज लुगरचं ९ मिलिमीटरचं (म्हणजे गोळीची जाडी तेवढी) काडतूस १९०२ सालचं, आणि आजही जगभर तेच चालतं.

मी त्याच्या हातात कोयता दिला. पातं लोहार हवं तेवढं वाढवील, पण मूठ पंजात मावेल तेवढीच ठेवावी लागते. पिस्तुलाचं मॅगझिन, म्हणजे काडतुसांची डबी, मुठीतच बसतं आणि काडतुसं त्यात आडवी झोपतात. काडतूस लांबलं की मूठ खोल होते आणि बोट घोड्यापर्यंत नीट पोचत नाही.

अमेरिकेत हे घडलेलं आहे. १९८६ साली मायामीतल्या चकमकीत एफबीआय या केंद्रीय तपास यंत्रणेचे दोन अधिकारी गेले. मग जोरदार काडतुसाचा शोध सुरू झाला आणि १० मिलिमीटरवर नजर गेली. त्याची लांबी ३२ मिलिमीटर, धक्का जबर. म्हणून दारू कमी केली, तर पुंगळीत, म्हणजे दारू भरतात त्या पितळी नळकांड्यात, जागा रिकामीच राहू लागली. शेवटी पुंगळीच साडेतीन मिलिमीटर आखूड केली. १९९० साली आलेलं .४० (हे माप इंचात) ते हेच. ९ मिलिमीटरच्या मापाच्या पिस्तुलात ते बसलं. पुढे एफबीआय ९ मिलिमीटरकडेच परतली. इतका खटाटोप साडेतीन मिलिमीटरसाठी!

मग दारूच का वाढवू नये? मोटारीच्या टायरात चौरस इंचाला तीस-पस्तीस पौंड हवा असते. ९ मिलिमीटरच्या काडतुसात दाब त्याच्या हजारपट, सुमारे ३५,००० पौंड. तो पेलते पोलादी नळी. पितळी पुंगळीला जिथे पोलादाचा आधार नाही, तिथे ती फुगते, फाटतेसुद्धा. मी फुगलेली पुंगळी हातात घेतलेली आहे. त्यानंतर जास्त दारूचा विचार मनात येत नाही. शिवाय नळी जेमतेम चार-पाच इंच, उरलेली दारू तोंडाशीच जाळ होऊन जाते.

नव्या काडतुसाला पिस्तूल हवं, कारखाना हवा, गिऱ्हाईक हवं. २००३ साली ग्लॉक कंपनीचं आखूड केलेलं .४५ जीएपी आलं, पण जुन्या .४५ ला हटवू शकलं नाही. आपल्याकडे सामान्य परवानाधारकाला ९ मिलिमीटर मिळतच नाही, म्हणून कानपूरच्या सरकारी कारखान्याचं रिव्हॉल्व्हर .३२ चं.

पुतण्या अजून कोयत्याची मूठ चाचपत होता.