करवंटीतली पोकळी

ग्लासभर पाण्यात चिमूटभर काळे दाणे टाकलेत. कान देऊन ऐका... बारीक चुरचुर चाललीय. एकेका दाण्यातून बुडबुड्यांची माळ वर येतेय. पाणी आत शिरतंय, कोंडलेली हवा बाहेर पडतेय. हे काही तास असंच चालणार.

नारळाच्या करवंटीपासून केलेला हा सक्रिय कोळसा. घरच्या पाण्याच्या फिल्टरमध्ये बसतो तो हाच. याच्या एका ग्रॅममध्ये साधारण १००० चौरस मीटर पृष्ठभाग असतो. म्हणजे कबड्डीची सात-आठ मैदानं, चिमटीत!

करवंटी मुळातच घट्ट आणि टणक. हवा लागू न देता ती ४०० ते ६०० अंशांना भाजली, की धूर नि डांबर निघून जातं, कोळसा उरतो. त्याला भोकं असतात, पण बरीचशी डांबराने बुजलेली. शेगडीला हा चालेल, फिल्टरला नाही.

मग ८०० ते १००० अंशांना त्यावर वाफ सोडतात. वाफ कार्बन खाते. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन होऊन तो उडून जातो. आधी बुजलेली तोंडं मोकळी होतात, मग नव्या वाटा पडतात. दोन नॅनोमीटरपेक्षाही अरुंद. एका केसाच्या जाडीत अशी हजारो शेजारी-शेजारी बसतील. सगळं मोल या अरुंदपणाला आहे. पाण्याला वास आणणारा रेणू आत शिरला, की चहूबाजूंच्या भिंती त्याला धरून ठेवतात.

आणि इथेच भट्टीवाल्याची खरी कसोटी. वाफ जास्त वेळ दिली, तर दोन भोकांमधली भिंतच जळते, दोन्ही मिळून एकच होतं. तिथे लहान रेणूवरची पकड सुटते. दाणाही ठिसूळ होतो. उष्णता फार वाढवली, तर वाफ आत पोचायच्या आधीच वरच्या थराशी खर्ची पडते. दाणा बाहेरून झिजत जातो, आतला गाभा कोराच.

रुंद भोकं वाईट असतात असं नाही हं. साखरेच्या पाकाचा रंग काढायचा, तर रंगाचे थोराड रेणू अरुंद वाटेने शिरतच नाहीत. तिथे फॉस्फोरिक आम्ल वापरून केलेला लाकडाचा कोळसा बरा.

१९१८ साली अमेरिकेत घरोघरी पीच फळाच्या कोया गोळा होत होत्या. विषारी वायूपासून सैनिकांना वाचवणाऱ्या मुखवट्यांत भरायच्या कोळशासाठी. त्याही करवंटीसारख्याच टणक.

शंभर किलो करवंटीचा जेमतेम तीस किलो कोळसा होतो. वाफेतून निघाल्यावर हाती लागतात दहा-पंधरा किलो.

ग्लासातले दाणे अजून चुरचुरताहेत.