धरणाविना वीज

श्रोतेहो, नमस्कार. जलविद्युत म्हटलं की धरणाची भिंत डोळ्यांपुढे येते. आजच्या केंद्राला धरण नाही, साठा नाही. नदीला आज जेवढं पाणी, तेवढीच आज वीज.

नदीत एक बुटका बंधारा. तिथून थोडं पाणी कालव्यात वळतं. कालवा डोंगराच्या कडेनं जवळजवळ सपाट जातो आणि नदी मात्र खाली उतरत राहते. दोन्हींच्या पातळीत जो फरक पडतो, तीच आपली कमाई. तेवढ्या उंचीवरून पाणी पोलादी नळातून टर्बाइनवर सोडायचं आणि मग परत नदीत. सेकंदाला 1000 लिटर पाणी 10 मीटर खाली आलं, तर हिशेबानं 98 किलोवॉट. हातात पडतात 75च्या आसपास. पाणी गुणिले उंची. पुन्हा सांगतो, पाणी गुणिले उंची.

हिला फुकटची वीज म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. बंधाऱ्यापासून वीजघरापर्यंतचं पात्र आपण रोडावून टाकलेलं असतं. तिथल्या माशांना विचारा, फुकट आहे का ते!

असो. मला खरं तर ॲपलटनची गोष्ट सांगायची आहे. अमेरिकेतलं विस्कॉन्सिन राज्य, फॉक्स नदी, 30 सप्टेंबर 1882. रॉजर्स नावाच्या कागद गिरणीवाल्यानं एडिसनचा डायनॅमो आणला आणि गिरणीच्याच पाणचक्कीला जोडून टाकला. गिरणीत दिवे, घरात दिवे, लोक बघायला लोटले. पण चक्की एक आणि मालकीणबाई दोन! कागदाचा लगदा कुटणारी यंत्रंही त्याच चक्कीवर. कुटाई जोरात असली की दिवे मंद. यंत्रांवरचा भार उतरला की चक्की सुसाट, व्होल्टेज वर, आणि दिवे पटापट जळून जायचे. व्होल्टमीटर? नव्हताच. चालवणारा माणूस दिव्याकडे बघायचा आणि उजेडावरून ठरवायचा, वाढवू की कमी करू. डोळा हेच उपकरण! हल्ली पडद्यावरचा आकडा चुकला तरी त्यावर विश्वास ठेवणारे असतात. त्यांना महिनाभर तिथे बसवायला हवं होतं. शेवटी डायनॅमोला स्वतंत्र चक्की दिली, तेव्हा दिवे टिकू लागले.

म्हणजे काय, तर भार, म्हणजे विजेची मागणी, बदलतो आणि वेग बदलू द्यायचा नसतो. वेग सांभाळायचं हे काम आज गव्हर्नर नावाचं यंत्र करतं. भार घटला की ते टर्बाइनचं पाणी आवळतं, वाढला की सोडतं. अगदी छोट्या केंद्रात पाण्याला हातच लावत नाहीत. उरलेली वीज हीटरमध्ये जाळून टाकतात. वाया गेली तरी चालेल, वेग हलता कामा नये. वेग हलता कामा नये!

वेळ संपत आली आणि जाळी, गाळ राहूनच गेले. थोडक्यात सांगतो. कालव्याच्या तोंडाशी जाळी नसेल तर काटक्या थेट टर्बाइनमध्ये. पुढे संथ पाण्याची कुंडी लागते, वाळू खाली बसायला. नाहीतर तीच वाळू टर्बाइनची पाती खरवडून काढते. कुंडीच्या तळाचं दार पावसाळ्यात वरचेवर उघडायचं. नमस्कार.