एका कपाचा खरवस

(कोथरूडमधल्या एका ज्येष्ठ नागरिक संघात जानेवारीत प्रात्यक्षिकासह झालेलं व्याख्यान. वाचायला सोपं जावं इतपतच संपादन केलं आहे.)

नमस्कार मंडळी. मागे आवाज येतोय ना? बरं. टेबलावर मायक्रोवेव्ह बघून मघाशी एका काकांनी विचारलं, "पाककृतींचा वर्ग आहे का?" तसा नाही, पण मी आयुष्यभर अन्नशास्त्र शिकवलं, त्यामुळे कृती सांगता सांगता भरकटणार. शेवटी एक कप गोड तयार होईल, एवढं नक्की.

सुरुवात खरवसापासून करते. दूध कितीही उकळा, ते साय धरतं, उतू जातं, आटतं. पण त्याची वडी पडत नाही. चीक मात्र वाफेवर ठेवला की सुरीनं कापावा असा घट्ट होतो. दोन्ही त्याच गाईचं. मग फरक कशाचा? साध्या दुधातलं बहुतेक प्रथिन म्हणजे केसीन, आणि केसीनला उकळीचं फारसं काही वाटत नाही. चिकात वासराला रोगांपासून वाचवणारी वेगळी प्रथिनं ठासून भरलेली असतात. ती तापली की उलगडतात, एकमेकांत गुंततात आणि त्यांचं जाळं तयार होतं. त्या जाळ्यात पाणी अडकलं की झाला खरवस. अंड्याचं तेच. जिमला जाणाऱ्या मुलांच्या डब्यातल्या व्हे पावडरचंही तेच, कारण व्हे म्हणजे दुधाच्या निवळीतली प्रथिनं.

जाळं तयार झाल्यावरही तुम्ही तापवत राहिलात, तर ते आवळत जातं आणि ओला पंचा पिळावा तसं पाणी बाहेर टाकतं. जास्त शिजलेल्या खरवसाला भोकं पडतात, खाली पाणी साचतं, ते यामुळेच. आज मला सांगायचंय ते एवढंच. बाकीचा सगळा त्याचा तपशील.

हे मला पाठ होतं, वर्गात शिकवत होते, आणि तरी स्वतःच्या ओट्यावर विसरले. नातू सुट्टीला आला होता, जाताना व्हे पावडरचा अर्धा डबा ठेवून गेला. मी ती दह्यात कालवली, सफरचंद घातलं आणि पूर्ण जोरावर तीन मिनिटं लावली. बाहेर आली ती स्लिपरची टाच. चमच्यानं दाबली तर परत वर आली!

एवढा खटाटोप कशाला, असं वाटेल. आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, 2020 मध्ये दिलेल्या शिफारशीप्रमाणे दर किलो वजनामागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं हवीत. साठ किलोच्या माणसाला साधारण 50 ग्रॅम. आता आपलं ताट आठवा. सकाळी चहा-खारी, दुपारी दोन पोळ्या आणि पळीभर आमटी, रात्री "मला काही नको, दूध-भात खाते". आपल्यापैकी कितीतरी जण घरात एकटे आहेत. एकट्यासाठी कुठे घाट घालायचा, हे वाक्य मीही रोज म्हणते. म्हणून हा कप एकाच माणसाचा. उरत नाही, शिळा होत नाही, शेजारी द्यावा लागत नाही. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी मात्र प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आता फळ. ही मंडईतून आणलेली महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, चार-पाच मोठी, कापून साधारण साठ ग्रॅम. फळ म्हणजे बहुतेक पाणीच, आणि ते पाणी आपल्या जाळ्याचा शत्रू. म्हणून आधी फळ एकटंच कपात, पूर्ण जोरावर पाऊण मिनिट. बघा, केवढा रस सुटला. तो वाटीत काढून ठेवायचा, शेवटी वरून घालायला. अननस, पपई, किवी, ताजं अंजीर यांच्या बाबतीत तर ही पायरी चुकवूच नका. त्यांच्यात प्रथिनं तोडणारी विकरं, म्हणजे एन्झाइम्स, असतात. किवी दुधात घातल्यावर कडवट लागतं ते त्यामुळे. चांगलं चरचरून तापवलं की विकर निकामी होतं. सीताफळाचा नाद मात्र सोडा. सासवडची उत्तम सीताफळं मी एकदा अशीच तापवली आणि गर कडू झाला. ते नुसतंच खायचं फळ आहे.

कपात आता शंभर ग्रॅम चक्का, रात्रभर टांगलेला. त्याचं पाणी टाकू नका, कणीक भिजवा त्यात. एक अंडं, दोन चमचे सायविरहित दुधाची पावडर, दोन चमचे साखर, वेलची, चिमटीभर मीठ. हलक्या हातानं, फेस न करता कालवायचं. चक्क्याचे सात-आठ, अंड्याचे सहा, पावडरचे साडेतीन, असे सतराच्या आसपास ग्रॅम झाले. अंडं न खाणाऱ्यांनी चार चमचे दूध पावडर आणि एक चमचा कॉर्नफ्लोअर घ्यावं. बंगाली भापा दोई अंड्याशिवायच वाफवतात, तसंच काहीसं होतं. प्रथिनं थोडी कमी भरतात. व्हे पावडर घालायचीच असेल तर अर्धा मापच, आणि वर दोन चमचे दूध.

यंत्राबद्दल दोन शब्द. 1945 च्या सुमारास रडारच्या नळीजवळ उभ्या असलेल्या पर्सी स्पेन्सर या अमेरिकन अभियंत्याच्या खिशातलं चॉकलेट वितळलं, तिथून हा ओव्हन आला. त्याच्या लहरी पदार्थात दोन-तीन सेंटिमीटरच शिरतात; मधला भाग बाहेरून आलेल्या उष्णतेनं शिजतो. म्हणून उंच मगापेक्षा पसरट कप बरा, आणि तो तबकडीच्या मध्यभागी न ठेवता कडेला ठेवायचा, म्हणजे फिरताना कमी-जास्त तापणाऱ्या सगळ्या जागांतून जातो. सोनेरी काठाचा कप नको, मेलामाइनचा तर नकोच.

जोर निम्मा. ऐका आता... घर्र झालं, थांबलं, पुन्हा घर्र. निम्म्या जोराचा अर्थ बहुतेक यंत्रांत एवढाच, की ते थोडा वेळ पूर्ण जोरानं चालतं आणि थोडा वेळ गप्प बसतं. त्या गप्प बसण्यात कडेची ऊब मध्यापर्यंत पोचते. माझी स्लिपर झाली ती ही विश्रांती नाकारल्यामुळे. आधी दीड मिनिट, मग वीस-वीस सेकंद, दर वेळी दार उघडून बघायचं. कड धरली आहे, मधोमध जेली हलते तसं हलतंय, की थांबायचं. पण मधे पातळ, वाहतं दिसलं तर अजून वीस सेकंद. अंडं आहे आत, मध्यभाग 71 अंशांपर्यंत जायला हवा. मग ताटली झाकून पाच मिनिटं ओट्यावर. तेवढ्यात आतल्या उष्णतेनं उरलेलं शिजतं.

"जीवनसत्त्वं मरतात का?" चिठ्ठी आली आहे. थोडी मरतात, गॅसवरही मरतात. कमी वेळ आणि कमी पाणी असेल तर क जीवनसत्त्व भाजी उकळण्यापेक्षा इथे जास्तच टिकतं.

दुसरी चिठ्ठी, "संकष्टीला चालेल का?" अंडं घातलंत तर मला विचारू नका.

झाली पाच मिनिटं. ताटली काढते. कडेनं सुरी फिरवली, बघा, पाणी नाही सुटलेलं. रस ओतते वरून. कप एकाचाच आहे, त्यामुळे पहिल्या रांगेत थोडं धीरानं घ्या. चमचे त्या डब्यात आहेत.